कांचनची लेक

“दार लावते, म्याडम. वारं लई लागतंय हिला,” असं म्हणून तिनं आरोग्य उपकेंद्राचं पुढचं दार लावलं, वरची कडी सरकवली, आणि तान्ह्या पोरीला छातीशी धरून दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

ती खुर्ची खरं तर माझी. पेशंटशी बोलताना दाराजवळची खुर्ची आपण घ्यायची, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण पेशंट येणार आहे हेच मला माहीत नव्हतं. मी खिडकीशी उभी राहून पठारावरच्या पवनचक्क्या बघत होते, तेवढ्यात ही पोरीला घेऊन आपल्या आईबरोबर आली. तिची आई दारातूनच म्हणाली, “हिला जरा समजावा. झोपत न्हाई, खात न्हाई. तुमी बोला तवर मी येते, चुलीवर दूध ठिवलंय.” आणि आई गेलीसुद्धा.

मी तेव्हा समुपदेशनाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बार्शीची मुलगी. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि मी नेमकं काय शिकते हे घरात कुणालाच नीट सांगता यायचं नाही. दुसऱ्या वर्षी वर्गातले तास कमी आणि गावातलं काम जास्त असायचं. माझ्या वाट्याला पाटण तालुक्यातलं पठार आलं होतं. दर आठवड्याला इनामदार मॅडम मला जीपमधून वर घेऊन जायच्या. झरीन इनामदार. मनानं आजारी माणसांच्या घरोघरी हिंडण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि माझं शिकणं त्यांच्याच हाताखाली चाललं होतं. त्या बोलायच्या, मी शेजारी बसून ऐकायची. एकटीनं पेशंटशी बोलायची मला अजून परवानगी नव्हती.

त्या दिवशी मला आंबरूळच्या उपकेंद्रावर उतरवून त्या पुढच्या गावी एका म्हाताऱ्या पेशंटला बघायला गेल्या. जाताना म्हणाल्या, “कुणी आलं तर नाव विचार, पाणी दे, बसवून ठेव. बाकीचं मी आल्यावर.” नर्सबाई लशींचा डबा घेऊन वरच्या वस्तीवर गेल्या होत्या. इमारतीत मी एकटीच.

“नाव काय तुमचं?” मी विचारलं.

“कांचन.”

“आणि हिचं?”

“हिचं मला ठावं न्हाई.”

बारसं व्हायचं असेल, असं मला वाटलं. मी हसून म्हणाले, “अजून ठेवलं नाही का?”

“माझीचं ठिवनार हाय. हिचं कशाला ठिवू?” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. दुकानात वाण्याला सामान सांगावं तसा. “ही माझी न्हाई, म्याडम.”

पोर दुपट्यात गुंडाळलेली होती. तोंड तेवढं दिसत होतं. डोळे मिटलेले, ओठ चोखल्यासारखे हलत होते. मी तिच्याकडे बघितलं, मग कांचनकडे. कांचन माझ्याच वयाची, फार तर एखाद्या वर्षानं लहान. डोक्याला बाळंतिणीचा रुमाल बांधलेला. डोळे मात्र असे, की झोप म्हणजे काय ते विसरून गेले असावेत. पापणी लवत नव्हती.

“तुमची नाही, म्हणजे?”

“पाचवीच्या पूजेला बदलली. सटवाई आली ती माझीला घिऊन गेली आणि हिला ठिवली. आईला सांगितलं, तर आई म्हनाली असं बोलू नगं, आणि मीठमोहरी उतरवून टाकली. सासूला फोनवर सांगितलं, ती हसली. मालकांना सांगितलं.” तिचा नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, हे मला मागाहून कळलं. “ते म्हनाले, झोप काढ.”

पुस्तकात मी हे वाचलं होतं. बाळंतपणानंतर क्वचित एखाद्या बाईला होणारा हा आजार, त्यातले भास, आणि त्याखाली जाड अक्षरातली ओळ, की आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो, दोघींना एकटं सोडू नये. परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती. चांगले गुण मिळाले होते.

“मग तुमची कुठं आहे?” मी विचारलं. हे विचारावं की नाही, मला कळत नव्हतं. भासाशी वाद घालायचा नाही आणि त्याला होही म्हणायचं नाही, एवढं आठवत होतं. पण या दोन्हींच्या मधे उभं राहायला जागा किती असते, हे वर्गात कुणी दाखवलं नव्हतं.

कांचननं मानेनंच मागच्या भिंतीकडे खूण केली. “टाकीत.”

उपकेंद्राच्या मागं चार पावलांवर गावची पाण्याची टाकी होती. सिमेंटची, जमिनीत अर्धी गाडलेली, वर लोखंडी झाकण. आल्या आल्या मी त्याच बाजूला हात धुतले होते.

“हाका मारती मला,” कांचन म्हणाली. “आता बी मारती. ऐका.”

आणि मी ऐकलं. खरंच कान देऊन ऐकलं. पवनचक्कीचं पातं फिरताना येतो तो घुमणारा आवाज येत होता, जवळ येऊन पुन्हा लांब जाणारा. त्या खोलीत, त्या बंद दारामागे, क्षणभर मलाही त्यात रडणं असल्यासारखं वाटलं. मी टेबलाची कड धरली.

“मला तसं ऐकू येत नाही, कांचन,” मी म्हणाले. “मला चक्कीचा आवाज येतोय. पण तुम्हाला येतंय ते मी समजू शकते.”

“तुमाला न्हाई येनार. तुमची न्हाई ती.” ती थोडी पुढं झुकली. “काल मी झाकन काढून बघितलं. आत दिसली मला. हात वर करत हुती. आई वराडत आली म्हनून ऱ्हायलं. हिला तिथं ठिवली की माझी वर यील. हिच्या बदल्यात. तसंच आसतं ते.”

फोन टेबलावर होता. त्याला खोलीत रेंज नव्हती. पुढच्या पडवीच्या अगदी टोकाला, नळाच्या शेजारी उभं राहिलं की यायची. म्हणजे फोन करायचा तर मला तिच्या अंगावरून जाऊन कडी काढायला हवी होती, आणि त्या दोघी खोलीत राहिल्या असत्या. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते टाकीकडेच उघडत होतं.

मी मनात हिशेब केला, की आई दूध उतरवून लगेच येईल. मग वाटलं, शेजारणीशी बोलत बसली तर. इनामदार मॅडमना यायला तर अजून किती वेळ लागेल, कुणी सांगावं. घाटात धुकं उतरायला लागलं होतं. खिडकीतून आधी दिसत होत्या त्यातल्या लांबच्या चक्क्या आता दिसत नव्हत्या.

“कांचन, बाळाला मी घेऊ का थोडा वेळ? तुमचे हात दुखले असतील.”

तिनं पोरीला एकदम घट्ट आवळलं. पोर कळवळून रडली. “न्हाई. तुमी बी बदलाल.”

“बरं. तुमच्याकडेच असू दे. जरा सैल धरा, तिला दुखतंय.”

तिनं सैल धरलं. एवढं तरी ऐकलं. मी मनाशी म्हटलं, आता बोलत राहायचं. काहीही. मी तिला तिच्या माहेराबद्दल विचारलं, किती शिकलात विचारलं. तिनं दोन-तीन प्रश्नांची उत्तरं दिली. बारावी झाली होती. नर्सिंगला जायचं होतं, लग्न ठरलं. बोलता बोलता तिचं लक्ष निसटत होतं. प्रत्येक वेळी मान मागच्या भिंतीकडे वळायची, आणि परत यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायचा.

मग ती उठली. “येते मी,” म्हणाली. जणू भाजी निवडून झाली आणि आता घरी जायचं आहे.

ती मागच्या दाराकडे निघाली. मी तिच्या आधी तिथं कशी पोचले, मला आजही सांगता येत नाही. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. एवढंच सुचलं.

“सरका,” ती म्हणाली.

“नाही.”

“म्याडम, सरका. ती थकली हाका मारून.”

ती आता माझ्या इतकी जवळ होती की पोरीच्या अंगाला येणारा बाळंतशेपेच्या धुरीचा वास मला येत होता. ती उंचीनं माझ्याएवढी, पण हाडापेरानं माझ्यापेक्षा दणकट. तिनं मला ढकललं असतं तर मी बाजूला पडले असते. ओढाओढ झाली असती तर पोर फरशीवर पडली असती. चेहरा सैल ठेवा, आवाज खाली ठेवा, आम्हाला सांगितलेलं होतं. पेशंटला तुमची भीती दिसता कामा नये. वर्गात आम्ही मैत्रिणी खुर्च्या समोरासमोर टाकून याचा सराव करायचो, आणि मला ते बरं जमायचं.

कांचननं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग तिची नजर खाली माझ्या हातांकडे गेली.

“हात कापत्यात तुमचं,” ती म्हणाली. “तुमी भ्यालाय.”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “मी खूप घाबरलेय.”

“कशाला?”

“तू हिला टाकीत टाकशील, म्हणून. आणि ही मरेल, म्हणून.” मी तिला तू म्हणतेय हेही माझ्या लक्षात आलं नाही. “आणि तिच्यामागं तू पण जाशील, म्हणून. मला काय करावं ते कळत नाही, कांचन. मला खरंच कळत नाही.”

बोलले आणि वाटलं, संपलं. एवढ्या दिवसांत जे जे शिकले त्यातलं नेमकं जे बोलायचं नाही ते मी बोलले. तिच्या चेहऱ्यावरचे भाव हलले नाहीत. पोर रडायची थांबली होती. बाहेर पातं घुमत होतं.

“खरंच भ्यालाय?” तिनं पुन्हा विचारलं. आवाज बदलला होता. लहान झाला होता.

“खरंच.”

“माझ्याला?”

“तुला नाही. तुला जे होतंय, त्याला.”

“मला बी लई भ्या वाटतंय,” ती म्हणाली. “लई. किती दीस झालं.” आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. त्या हातांवर ती पोर होती. “तुमी धरा हिला. माझ्याकडं नका दिऊ. मी मागितली तरी दिऊ नका.”

मी त्याआधी एवढं लहान मूल कधी हातात घेतलं नव्हतं. मानेखाली हात घालायचा एवढं ऐकून माहीत होतं. मी ती घेतली. वजन असं काही नव्हतंच, नुसती ऊब होती.

पण भीती कमी झाली नाही. कारण हात मोकळे झाल्यावर कांचन पुन्हा दाराकडे वळली. “मी नुसतं बघून येते,” म्हणाली. मी एका हातानं पोरीला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट पकडलं. ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. “नको जाऊ. माझ्याबरोबर थांब. मला एकटीला हिला नीट धरता येत नाही.” हे खरंच होतं. तिनं माझ्या कोपराखाली हात घातला आणि पोरीची मान वर उचलली. “आशी धरत्यात,” ती म्हणाली. आणि पुन्हा भिंतीकडे कान लावून उभी राहिली.

तशाच आम्ही उभ्या होतो, तेव्हा पुढचं दार वाजलं. तिची आई. शालन तिचं नाव. कडी लागलेली बघून ती घाबरून दार बडवायला लागली. मी कांचनला घेऊन दारापर्यंत गेले, पोर सांभाळत कशीबशी कडी काढली. आत पाऊल टाकताच शालनमावशींनी माझ्या हातातली नात बघितली आणि मग लेकीचं मनगट.

“काय केलंसा पोरीला? हात सोडा तिचा.”

“मावशी, मी सांगते ते ऐका. कांचन आजारी आहे. तिला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्यायला लागेल.”

“बाळंतिनीला हुतंय आसं. वारं लागलंय तिला. मी घरी नेते, उद्या देवाला नेऊन आनते. चल गं.”

“घरी नाही न्यायचं.”

“तू कोन सांगनार? माझ्या लेकीच्या वयाची पोर तू. लगीन तरी झालंय का तुझं?”

लग्न झालेलं नव्हतं, शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, “मावशी, काल ही टाकीचं झाकण काढून काय करत होती?”

शालनमावशी थांबल्या. त्यांच्या हातातली दुधाची बाटली त्यांनी टेबलावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

“पानी बघत हुती,” त्या म्हणाल्या. “पानी हाय का न्हाई ते.”

“पोरीला घेऊन?”

कांचन म्हणाली, “आई, मी सांगितलं व्हतं तुला.” शालनमावशी खाली बसल्या. तिथंच, फरशीवर. मग त्यांनी लेकीला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी तिला वेढून धरलं. “आता कुटं जाऊ देत न्हाई,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “तू कर काय करायचं ते.”

मी पोरीला घेऊन पडवीच्या टोकाला गेले. धुक्यात नळसुद्धा पुसट झाला होता. पहिला फोन लागला नाही. दुसरा लागला. मी काय बोलले ते धड आठवत नाही. इनामदार मॅडमनी मधेच थांबवून विचारलं, “बाळ कुणाकडे आहे?”

“माझ्याकडे.”

“आई?”

“तिच्या आईनं धरून ठेवलंय. आत.”

“मागच्या दाराला कडी लाव. बाळाला घेऊन तिच्या समोर बस. तिला दिसू दे. मी निघालेच.”

“मॅडम, लवकर या.”

“येते, रेवती. धुकं आहे. पण येते.”

तो वेळ किती होता मला माहीत नाही. मी भिंतीला टेकून बसले होते, समोर त्या मायलेकी. कांचन मधेच उठायला बघायची, शालनमावशींचे हात आवळायचे. मधेच ती माझ्याकडे बघून विचारायची, “धरलीय न्हवं?” मी म्हणायची, “धरलीय.” थोड्या वेळानं परत तेच. मला सारखं वाटत होतं, आता ती म्हणेल, द्या इकडं. आणि आई म्हणेल, दे तिची तिला. ती वेळ आली असती तर मी काय केलं असतं, ते मला अजूनही ठाऊक नाही. पोरीला भूक लागली. बाटलीतलं दूध मीच पाजलं, निम्मं माझ्या कुर्त्यावर सांडलं.

जीपचा आवाज आला तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

इनामदार मॅडम आत आल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ कांचनपाशी जाऊन खाली बसल्या. “कांचन, मी झरीन. तुला किती दिवस झोप नाही ते मला सांगू नकोस, दिसतंय मला. आपण साताऱ्याला जाऊ. तिथं डॉक्टर तुला औषध देतील. बाळ आपल्याबरोबर येणार आहे आणि तुझी आईही. चालेल?” कांचननं मान हलवली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. उठवल्यावर उठली. घाट उतरताना ती मागे इनामदार मॅडम आणि आई यांच्या मधे बसली होती. मी पुढे, पोर माझ्या मांडीवर. प्रत्येक वळणावर मी पोरीवर हात आडवा धरत होते.

कांचनला दवाखान्यात दाखल करून घेतलं. नंतर आम्ही दोघी बाहेरच्या टपरीवर चहा घेत उभ्या होतो. इनामदार मॅडम म्हणाल्या, “आता सांग. ती काय बोलली आणि तू काय बोललीस. जसंच्या तसं.”

मी सांगितलं. सांगत सांगत मागच्या दाराच्या प्रसंगापर्यंत आले. “मी तिला सांगितलं, मला भीती वाटतेय. मला काय करावं कळत नाही, असंही म्हणाले. मला माहितेय, असं म्हणायचं नसतं.”

“मग?”

“मग तिनं बाळ दिलं.”

“का दिलं?”

“माहीत नाही.”

“मलाही नाही,” त्या म्हणाल्या. “बरी झाली की तिलाच विचार.”

मी चहाचा कप तसाच धरून होते. मनात जे दुपारपासून घोळत होतं ते बोलून टाकलं. “मॅडम, हे काम मला जमेल असं वाटत नाही. मी परीक्षा देईन, पण पुन्हा वर येणार नाही.”

त्यांनी मला समजावलं नाही. “ठरव तू,” म्हणाल्या. “कांचन घरी आली की एक भेट मात्र तुझी राहिलीय. ती देऊन मग काय ते ठरव.”

पुढचे कितीतरी दिवस मला त्या झाकणाची स्वप्नं पडत होती. वसतिगृहात पाण्याची टाकी भरल्याचा आवाज आला तरी मी दचकून उठायची. मैत्रिणींनी विचारलं तर काही नाही म्हणायची.

कांचनला घरी सोडल्याचं कळलं तेव्हा पठारावर कारवीची पानं वाळायला लागली होती. मी एसटीनं एकटीच गेले. इनामदार मॅडम मुद्दाम आल्या नाहीत. आदल्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाल्या, की डॉक्टरांनी बघितलंय, औषधं चालू आहेत, ती बरी आहे, आता पोरीला हळूहळू तिच्या हातात देत जायला सांगितलंय. “घरचे देत नाहीत,” त्या म्हणाल्या. “बघ जाऊन.”

कांचन अंगणात बसली होती. अंगानं भरली होती, बोलणं औषधानं थोडं संथ झालं होतं. पण डोळे माणसाचे होते. मला बघून ती ओशाळली. पदर सारखा करत म्हणाली, “या म्याडम.” पोर शालनमावशींच्या कडेवर होती. आता चांगली बाळसेदार झाली होती, मान धरायला लागली होती. तिचं नाव सई ठेवलं होतं. ते कांचननंच सांगितलं.

चहा झाला. शालनमावशी जागच्या हलेनात. कांचननं सईकडे हात पुढे केला, की त्या तिला दुसऱ्या कडेवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, “आसू दे, तुला त्रास.” कांचन हात मागे घ्यायची. हे माझ्यासमोर तीनदा झालं.

सईला कडेवर घेऊनच त्या भांडी ठेवायला आत गेल्या तेव्हा मी विचारलं, “कांचन, त्या दिवशी तू बाळ माझ्याकडे का दिलंस?”

ती जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, “सगळं आठवत न्हाई. पर एक आठवतंय. मी ज्याला सांगितलं त्यानं मला गप केलं. कोन हसलं, कुनी अंगारा लावला. त्याच्यानं मला वाटायचं, मी म्हनते तेच खरं आसंल. खरं नसतं तर ही मानसं घाबरली नसती का? आणि तुमी घाबरलासा. तुमचं हात कापत हुतं. तवा मला वाटलं, आगं बया, म्हंजी मलाच कायतरी झालंय. ह्या बाईला दिसतंय ते.”

मी माझ्या हातांकडे बघितलं.

“एक काम करशीला, म्याडम?” ती म्हणाली. “आईला जरा लांब घिऊन जावा. देवळापातूर. सईला माझ्याकडं ठिवून.”

मी चटकन घराच्या दाराकडे बघितलं. ते तिनं बघितलं. आणि बघून तिनं मान खाली घातली नाही.

“भ्यालासा?” ती म्हणाली.

“थोडी.”

“मी बी. पर जावा.”

शालनमावशींना उठवायला बराच वेळ लागला. डॉक्टरांचं नाव सांगितलं, इनामदार मॅडमचं सांगितलं. शेवटी त्यांनी नातीला लेकीच्या मांडीवर ठेवलं, तेही असं, जणू निखारा ठेवतायत. आम्ही निघालो. देऊळ गावाच्या टोकाला होतं. बांधावरून जाताना त्या चार पावलं चालायच्या आणि थांबायच्या, कान मागे लावायच्या. मीही लावायची. घराकडून काहीच आवाज येत नव्हता. रडण्याचा नाही, बोलण्याचा नाही. तो न येणारा आवाज मला सगळ्यात जास्त भिववत होता. एकदा त्या वळल्याच, पळतच निघाल्या असत्या. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी एकमेकींना धरून देवळापर्यंत गेलो, बाहेरूनच नमस्कार केला आणि परतलो. येताना आमच्या दोघींच्या चालण्यातलं पळणं कुणालाही दिसलं असतं.

अंगणात कुणी नव्हतं. शालनमावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडून लेकीचं नाव मोठ्यानं बाहेर पडलं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. कांचन उंबऱ्यात उभी होती. केस विस्कटलेले, खांद्यावर दुधाचा ओला डाग, आणि कपाळावर आठ्या.

“आई, काय वराडतीस गं,” ती दबक्या आवाजात खेकसली. “आत्ता कुटं डोळा लागलाय तिचा. आणि एवढ्यात कशाला आलासा?”